टोपली चालते, टोपलीवाली चालत नाही?

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. कोहमाऱ्याच्या आसपास तर आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, रात्री दंडार नाहीतर नाटक. दंडारीत पुरुष लुगडं नेसून नाचतो. आपण पोराबाळांना घेऊन, चटया अंथरून रात्रभर बघतो, टाळ्या वाजवतो, बक्षीसही देतो. कुणाचा धर्म बुडत नाही.

आता दुसरी गोष्ट. मंडईत बचत गटाचं दुकान लावायचं म्हणून आमची बैठक बसली होती. बांबूच्या टोपल्या उत्तम विणणारी एक जण आमच्या ओळखीची आहे. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणून पेढे वाटले. आज ती बाई म्हणून जगते. तिचा माल आपल्या दुकानात ठेवू आणि तिलाही विकायला बसवू, असं मी सुचवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं मार्ग काढला : "माल ठेवू की. पण तिला नको बसवू."

हे वाक्य ऐकून मला राग आला, आणि मग लाज वाटली. कारण ते आपल्याला नवीन नाही. बुरुडानं विणलेल्या सुपाशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही, पण सूप विणणारा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. सुईणीच्या हातात बाळ दिलं, आणि तिच्या हातचं पाणी मात्र चाललं नाही. हात हवा, माणूस नको, हा या समाजाचा जुना हिशेब आहे. तो मोडण्यासाठी आपण गट बांधले. आणि आता तोच हिशेब आपल्याच वहीत मांडायचा?

बैठकीत जे आक्षेप निघाले ते इतरही गटांत निघत असणार. म्हणून एकेक घेते.

पहिला : "ही शहरातली थेरं आहेत." भोपाळ काही अमेरिकेत नाही. पोलीस दलातल्या दोन शिपाई बायकांनी तिथे 1987 साली एकमेकींशी लग्न केलं. लगेच दोघींची नोकरी गेली. म्हणजे प्रश्न पहिल्यापासून भाकरीचा आहे. असं माणूस गावात सापडलं की आधी घर सुटतं, मग काम सुटतं. उरतं काय? टाळी वाजवून मागणं, नाहीतर शरीर विकणं. आणि मग आपणच म्हणतो, "हे लोक काम का करत नाहीत?" काम करणारीला दुकानात बसू न देता हा प्रश्न विचारणं निव्वळ ढोंग आहे.

दुसरा : "हा बायकांच्या चळवळीचा विषय नाही." नवऱ्याशिवाय जगू पाहणारी बाई हा आपला विषय नाही, तर मग कुणाचा? 1995 साली मुंबईत 'स्त्री संगम' हा समलिंगी बायकांचा गट उभा राहिला, तो चळवळीतल्याच बायकांनी उभा केला. 1998 च्या डिसेंबरात 'फायर' चित्रपटावरून थिएटरं फोडली गेली, तेव्हा निषेधाला स्त्री संघटना उतरल्या होत्या. तेव्हा पडद्यावरच्या दोन बायकांसाठी आपण उभ्या राहिलो. आज गल्लीतल्या दोघींसाठी उभं राहताना मात्र पाय जड होतात!

तिसरा : "नियमात बसत नाही, गट बायकांचाच असतो." नियम वाचले आहेत का? राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाबद्दल रिझर्व्ह बँकेनं बँकांना ज्या सूचना दिल्या, त्यांत गट 10 ते 20 बायकांचा असावा असं म्हटलं. पण अपंग, वृद्ध आणि तृतीयपंथी यांच्या खास गटांना सूट दिली. त्यात स्त्री-पुरुष दोन्ही चालतात. रिझर्व्ह बँकेच्या कागदानं दार उघडलं, आणि गल्लीतल्या आपण कडी लावून बसलो.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आपण कोण हे सांगायचा हक्क ज्याचा त्याला आहे. 6 सप्टेंबर 2018 ला 377 कलमाखालून प्रौढांचे राजीखुशीचे संबंध सुटले. पण निकाल लागला म्हणून टोपली विकली जात नाही. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. आमची ही मैत्रीण टोपल्यांचं ओझं घेऊन चढली, की ती बाई आहे की नाही हे कंडक्टर आणि अख्खी गाडी ठरवते. रोज, सगळ्यांसमोर.

आता थोडं शहरातल्या मैत्रिणींशी. 2008 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत क्विअर आझादी मोर्चा निघाला. वांद्र्याला 'आझाद बाजार' नावाचं दुकान काही काळ चाललं. अशा मोर्च्यांच्या, महोत्सवांच्या आगेमागे आता हातच्या वस्तूंचे बाजारही भरतात. 'सर्वांना सामावून घेणारा' अशी पाटी असते. चांगलंच आहे. पण कोहमाऱ्याहून तिथे पोचायचं कसं? नागपूरच शंभर किलोमीटरच्या पलीकडे.

हिशेब करून बघा. समजा 20 टोपल्या आहेत. व्यापारी दारात येऊन 50 रुपयांनी नेतो. 1000 आले, 600 बांबूचे गेले, उरले 400. शहरातल्या बाजारात तीच टोपली 150 ला गेली, तर 3000 येतील. त्यातून बांबूचे 600, टेबलाचं भाडं 1000, दोघींचा जाण्यायेण्याचा खर्च 600, खाण्याचे 400. उरले तेच 400, आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. म्हणजे सामावून घेतलं कुणाला? ज्यांच्या खिशात आधीच हजार रुपये होते त्यांना.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहरातल्या बाजारांनी भाडं आधी मागू नये, विक्री झाल्यावर त्यातून हिस्सा घ्यावा. लांबून येणारीला रात्री मुक्कामाला सुरक्षित जागा द्यावी. आणि आपण इकडे काय करायचं? दुकानात अर्धी जागा द्यायची. मालाचा भाव तिला ठरवू द्यायचा. पैसे तिच्या हातात, पावती ती सांगेल त्या नावानं. संडासाची सोय कुठे आहे हे आधी बघायचं. आणि 'या बिचाऱ्यांकडून घ्या' अशी पाटी लावायची नाही. टोपली घट्ट विणलेली असेल तर गिऱ्हाईक घेईल, सैल असेल तर परत ठेवेल. तेवढाच न्याय तिला हवा आहे. आपल्याच गटात कुणी समलिंगी असेल आणि तिला बोलायचं नसेल, तर तिला खोदून विचारायचं नाही. तिची गोष्ट तिची.

लोक नावं ठेवतील? ठेवतील. आपण पहिल्यांदा बँकेच्या पायऱ्या चढलो तेव्हाही ठेवली होती. दारूच्या दुकानावर गेलो तेव्हाही. तेव्हा आपण थांबलो नाही. 

आमच्या गटात अजून ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीत विषय पुन्हा निघेल, मीच काढणार आहे. तुमच्याही गटात काढा. लुगडं नेसलेल्या पुरुषाला रात्री टाळ्या देणारी मंडई, लुगडं नेसून जगणारीला दिवसा चार हात जागा देत नसेल, तर त्या टाळ्यांना काही अर्थ नाही.