डाऊनलाईनमध्ये कोण आहे, ते आधी सांगा

वस्तीत प्लॅन दाखवायला येणारा हल्ली 'जय भीम' करूनच बसतो. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, नोकऱ्या संपल्या, आरक्षण कागदावर उरलं, आता मालक व्हा. मग वही उघडून लेफ्ट-राईटचे गोल काढायला लागतो. कुणी शंका घेतली की उत्तर तयार असतं: आमची कंपनी लीगल आहे, हे रजिस्ट्रेशन बघा, हा जीएसटी नंबर बघा.

या कागदांनी काहीही सिद्ध होत नाही. पिरॅमिड चालवणाराही कंपनी नोंदवतो, जीएसटी भरतो. विचारायचं ते एवढंच की, पैसा येतो कुठून? साखळीबाहेरचा माणूस गरज म्हणून साबण विकत घेतो आणि त्या विक्रीवर कमिशन मिळतं, तर ती थेट विक्री. नव्याच्या जॉइनिंगमधून जुन्याचा चेक निघतो, तर तो पिरॅमिड. मध्ये साबणाची वडी ठेवली म्हणून तो धंदा होत नाही. मनी सर्क्युलेशनवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा 1978 सालचा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती फक्त कंपनीच्या मालकाला नाही. सभासद करून घेणारा आणि योजनेत भाग घेणाराही त्यात येतो. म्हणजे मावसभावाची आयडी लावणारा आमचा बी.ए. झालेला पोरगाही.

2021 साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. त्यानुसार कंपनीला प्रवेश फी घेता येत नाही, आणि ओळखपत्र नसताना किंवा आधी वेळ न ठरवता विक्रेत्याला कुणाच्या दारात जाता येत नाही. हे नियम त्या वहीवाल्याला वाचून दाखवा. 'ही फी नाही, हे प्रॉडक्टचं पॅकेज आहे,' असं तो म्हणेल. हजारोंचं पॅकेज घेतल्याशिवाय आयडी चालू होत नसेल, तर त्याला फी म्हणायचं की पॅकेज, हा शब्दांचा खेळ आहे.

आता खरी अडचण. ही रेषा वाटते तेवढी जाड नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1979 साली ॲमवे पिरॅमिड नाही असा निर्णय दिला. कारण तिथे न विकलेला माल परत घेण्याचा, 70 टक्के माल विकल्याशिवाय नवा न मागवण्याचा आणि महिन्याला दहा किरकोळ ग्राहक दाखवण्याचा नियम होता. त्याच कंपनीची भारतातली योजना 1978 च्या कायद्यात बसते, असं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटलं. 2022 मध्ये ईडीने पिरॅमिडचाच आरोप ठेवून तिची 757 कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. एवढ्या मोठ्या कंपनीबाबत एकमत होत नाही, तिथे चौकातल्या हॉलमध्ये सेमिनार घेणाऱ्याच्या 'लीगल' शब्दावर आम्ही का विसंबायचं?

गणित तर शाळेतलं आहे. प्रत्येकाने फक्त सहा जण जोडले, तर अकराव्या पायरीवर 36 कोटी माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता.

पण आमच्या तरुणांचा एक युक्तिवाद आम्हाला खोडून टाकता येत नाही. ते म्हणतात, बाजारात आपल्याला जागाच नव्हती, भांडवल नव्हतं, गाळा नव्हता; इथे निदान कुणी जात विचारत नाही. खरं आहे, विचारत नाही. पण डाऊनलाईनची यादी काढून बघा. मामा, आत्या, विहारात वंदनेला येणारे, वसतिगृहातले रूममेट, जयंती मंडळाची पोरं. जातीने आमच्याभोवती जी भिंत बांधली, तिच्या आतच ही साखळी फिरते. व्यापाराने भिंतीबाहेरचा पैसा वस्तीत आणायला हवा. इथे आशाताईच्या मानधनातून आणि पोरांच्या स्कॉलरशिपमधून साठलेला पैसा वस्तीतून बाहेर जातो, आणि मागे नात्यातली भांडणं उरतात. ज्याने पाच हजार घालवले तो पुन्हा विहाराच्या बैठकीला येत नाही. कारण तिथे त्याची अपलाईन बसलेली असते. चळवळीने पन्नास वर्षांत जोडलेला विश्वास एका सीझनमध्ये मोडतो, त्याची नोंद कोणत्याच एफआयआरमध्ये होत नाही.

म्हणून कंपनी कायदेशीर असो वा नसो, विहाराचा हॉल आणि जयंतीचं स्टेज प्लॅन दाखवायला देऊ नये, असं आमचं मत आहे. सम्यक आजीविकेवर प्रवचन ठेवायचं आणि संध्याकाळी त्याच सतरंजीवर लेफ्ट-राईट काढायचं, हे एकत्र जमत नाही.

मालक व्हायचंच असेल तर भांडण बँकेशी आहे. स्टँड अप इंडिया 2016 मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एकाला आणि किमान एका महिलेला 10 लाख ते 1 कोटी कर्ज द्यायचं ठरलं होतं. तुमच्या भागातल्या सरकारी बँकेच्या शाखेने किती जणांना दिलं, किती अर्ज परत केले आणि कोणत्या कारणाने, एवढे तीन प्रश्न माहिती अधिकारात टाका. अर्जाची फी दहा रुपये आहे.