गाडी विकलीत, पण नाव उतरलं का?

जुनी गाडी विकायची ठरली की घरात सगळं लक्ष किमतीकडे असतं. गिऱ्हाईक आलं, चक्कर मारली, थोडी घासाघीस झाली. पैसे खात्यात आले आणि चावी दिली. आपल्याला वाटतं, झालं, सुटलो.

कायद्याच्या नजरेत तुम्ही सुटलेले नसता. आरसी बुकावर ज्याचं नाव, तो मालक. मोटार वाहन कायद्यात मालकाची व्याख्याच तशी आहे. शेत विकलं, पण सातबाऱ्यावर नाव तसंच राहिलं, तर काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडीचंही तेच. फरक इतकाच की शेत जागचं हलत नाही, गाडी रोज रस्त्यावर असते.

एक खरा खटला सांगतो. हरियाणातल्या एका माणसाने २००७ साली आपली गाडी विकली. पुढे ती आणखी हातांत गेली. आरसीवर मात्र नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ साली त्या गाडीने अपघात झाला, त्यात जीव गेला. उच्च न्यायालयाने या मूळ मालकाला मोकळं केलं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी गाडी कोणाकडून कोणाकडे गेली हे शोधत फिरायचं का, असा न्यायालयाचा रोख होता. पीडितांच्या बाजूने पाहिलं तर हे न्यायाचंच आहे. पण आपण सावध असायला हवं.

आता कामाचं बोलू.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवा. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. हे न करता गाडी विकलीत, तर पुढचं सगळं अडून बसतं.

मग येतात फॉर्म २९ आणि ३०. आरटीओच्या दारात यांनाच टीटी फॉर्म म्हणतात. यातला २९ तुमचा आहे. गाडी विकल्याचं तुम्ही स्वतः आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं. ३० घेणाऱ्याचा, त्याला गाडी नावावर करून घ्यायला ३० दिवस असतात. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर तुमच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठी फॉर्म २८ भरायचा, आणि कळवण्याची मुदत ४५ दिवसांची असते.

बहुतेक जण इथेच फसतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतात आणि ‘एजंट बघून घेईल’ म्हणून विसरतात. एजंट काही वाईट माणूस नसतो. पण ज्याला गाडी महिन्याभरात पुढे विकायची आहे, त्याला ती मधेच स्वतःच्या नावावर करण्याचा खर्च कशाला हवा? तो तुमच्या सहीचे कोरे कागद तसेच पुढच्याला देतो. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरून घ्या. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर दोघांनी मिळून अर्ज भरलात तर सगळ्यात बरं. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा.

व्यवहार ठरतानाच एक अट घाला. पाच-दहा हजार रुपये तुमच्याकडे अनामत राहतील, आरसी घेणाऱ्याच्या नावावर आली की परत मिळतील. प्रामाणिक गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही. नाही म्हणालं, तर का म्हणालं याचा विचार करा.

चावी देताना ताबा पावती करा. तारीख तर लिहाच, वेळही लिहा. संध्याकाळी सहाला गाडी दिलीत आणि रात्री नऊला ती कुठे धडकली, तर हाच कागद पोलिसांना दाखवायचा आहे. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि लायसन्सचा फोटो जवळ ठेवा. पैसे बँकेतून घ्या.

पण या पावतीवर किंवा नोटरी केलेल्या करारावर फार विसंबू नका. बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर लागतो. तेव्हा गाडी कोणाकडे होती हे सांगायला ती पावती कामी येते. भरपाईच्या दाव्यात मात्र आरसीवरचं नाव बघतात. स्टॅम्पपेपर पाचशेचा असला तरी तिथे तुमची ढाल होत नाही.

विम्याची घाई करू नका. गाडी विकली म्हणून पॉलिसी लगेच बंद केलीत आणि नाव अजून तुमचंच असलं, तर अपघाताची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते. नाव बदलेपर्यंत विमा चालू राहू द्या. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला घ्यायचा असतो. इतकी वर्षं दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत मात्र तुमची असते, गाडीची नव्हे. कंपनीकडून तसं पत्र घ्या. नव्या गाडीला ती वापरता येते.

फास्टॅग आठवणीने बंद करा. नाहीतर घेणारा नाशिकला जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कटेल. जुनी ई-चलनं आधीच भरून टाका.

गाडी व्यापाऱ्याला देत असाल तर तो परवानाधारक आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठी नियम आहेत. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद संकेतस्थळावर होते आणि तिथून जबाबदारी त्याच्याकडे जाते. ही नोंद झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भंगारात देत असाल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि आरटीओकडून नोंदणी रद्द करून घ्या.

आणि नातेवाइकांचं काय? भाच्याला गाडी दिली, मेहुण्याला दिली, तिथे कागद मागायला जीभ रेटत नाही. मागा. उद्या भाच्याच्या सोळा वर्षांच्या मुलाने ती गाडी बाहेर काढली, तर मालक म्हणून तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा कायद्यात आहे. आपल्याला माहीतच नव्हतं, हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येईल. त्यापेक्षा आज दहा मिनिटं अवघडल्यासारखं झालेलं परवडलं.

तुमची एखादी गाडी पूर्वीच विकून झाली असेल, तर आज रात्री जेवणानंतर मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये तिचा नंबर टाकून बघा. तिथे नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव ओळखू येतं. विमा चालू आहे का तेही दिसतं.

नाव तुमचंच निघालं तर घाबरू नका. आधी घेणाऱ्याला फोन करा. बऱ्याचदा नुसता आळस असतो. ऐकलं नाही तर टपालाने लेखी कळवा, पोच जपून ठेवा. मग विक्रीचा पुरावा जोडून फॉर्म २९ आरटीओत द्या. उशीर झाला म्हणून टाळू नका. पोलिस ठाण्यातही एक साधा अर्ज द्या. दोन्हीकडून शिक्क्याची प्रत घ्या आणि ती आरसीच्या झेरॉक्ससोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. फाइल कुठे आहे ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा.