परकी लवाद आणि दक्षिण आफ्रिकेची सनद

दक्षिण आफ्रिकेने २०१२ सालापासून बेल्जियम-लक्झेंबर्ग, स्पेन, जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आदी देशांशी झालेले द्विपक्षीय गुंतवणूक करार एकामागून एक संपुष्टात आणले, तेव्हा परक्या भांडवलास तेथे वाली उरला नाही, असा गिल्ला युरोपातील व्यापारी वर्तुळांनी केला. हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून नाही.

त्या करारांन्वये परदेशी भांडवलदारास देशी न्यायालयाची पायरी न चढता सार्वभौम सरकारला खासगी लवादापुढे खेचता येत असे. त्याच धंद्यातील देशी नागरिकास मात्र ही सवलत नव्हती. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रजा देशाच्या सुमारे ७ टक्के भूमीवर कोंडली गेली होती. त्या परंपरेतून आलेली विषमता निवारण्यासाठी २००२ साली खनिजांचा नवा कायदा झाला, त्याविरुद्ध ग्रॅनाइटच्या खाणींत भांडवल गुंतविलेल्या इटालियन आणि लक्झेंबर्गी मंडळींनी २००७ साली लवादाकडे फिर्याद गुदरली. २०१० साली फिर्यादींनीच ती आवरती घेतली आणि लवादाने त्यांना ४ लाख युरो भरण्यास फर्माविले खरे. पण सरकारी खजिन्यातून बचावापायी गेलेल्या रकमेचा तो अल्पांशच होता, आणि वर्णद्वेषाचे परिमार्जन करणाऱ्या राज्याला त्याबद्दलच आरोपीच्या जागी उभे राहावे लागले, हा अपमान वेगळाच.

देशी न्यायालये सरकारधार्जिणी असतात, हा दुसरा आक्षेप. ज्या घटना न्यायालयाने २०१६ साली, न्कांडला येथील निवासावरील सरकारी खर्चाच्या प्रकरणी, पदारूढ राष्ट्राध्यक्ष झुमा यांनी राज्यघटनेचे उल्लंघन केल्याचा निर्णय देऊन पैसे भरण्याचा हुकूम सोडला, त्याच्यावर हा संशय घेणे अन्यायाचे आहे.

२०१५ चा गुंतवणूक संरक्षण कायदा, जो २०१८ साली अमलात आला, परक्यास देशी गुंतवणूकदाराहून कमी लेखत नाही; मालमत्तेस राज्यघटनेच्या २५ व्या कलमाचे संरक्षण देतो, आणि ते कलम नुकसानभरपाई ठरविताना बाजारभावाबरोबरच ती मालमत्ता कशी संपादन झाली याचाही विचार करावयास सांगते. आंतरराष्ट्रीय लवादाचा मार्गही, देशी उपाय संपल्यावर आणि सरकारच्या संमतीने, दोन राज्यांच्या दरम्यान खुला आहे. ही संमतीची अट फार सैल हाती सोपविली आहे, हे मी मान्य करतो; ती नाकारताना लेखी कारणे देण्याचे बंधन कायद्याने सरकारवर घातले असले, तरी संमती देणे न देणे सरकारच्याच मर्जीवर राहते. परंतु या एका उणिवेसाठी जुने करार पुनरुज्जीवित करा म्हणणाऱ्यांनी, अमेरिकेशी असा करार अमलात नसतानाही तिच्या कंपन्यांनी त्या देशात भांडवल का गुंतविले, याचे उत्तर आधी द्यावे.