विद्यार्थ्यांच्या नवकल्पना स्पर्धा: बक्षिसाआधी हक्काचा विचार करा

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी, कृषी किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकत असेल, तर नवकल्पना स्पर्धेचे नाव आपल्या कानावर आले असेल. विद्यार्थी एखादे यंत्र, उपकरण किंवा प्रक्रिया तयार करतात, परीक्षकांसमोर काही मिनिटांत मांडतात आणि त्यातून उद्योग कसा उभा राहील हे सांगतात. अशा स्पर्धा आता वाढत आहेत. मात्र भाग घेण्याआधी कुटुंबाने एक गोष्ट समजून घ्यायला हवी: कल्पना जाहीर झाली की तिच्यावरचा हक्क जाऊ शकतो.

कोणत्या स्पर्धा आहेत?

महाराष्ट्रात २००६ पासून ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन भरते. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ अशा पायऱ्या चढत विद्यार्थी राज्य पातळीवर पोहोचतो. भाषा व कला, वाणिज्य व विधी, मूलभूत विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण असे सहा गट आहेत. म्हणजे ही स्पर्धा केवळ इंजिनिअरांसाठी नाही.

देश पातळीवर २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ होते. सरकारी खाती आणि उद्योग आपल्या अडचणी मांडतात, विद्यार्थी त्यावर उपाय सुचवतात. संघात सहा जण असतात आणि त्यात किमान एक विद्यार्थिनी असणे बंधनकारक आहे.

सीमाभागातील मराठी कुटुंबांसाठीही हे लागू आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आणि एक प्रादेशिक केंद्र म्हैसूरमध्ये आहे. निपाणी-खानापूरचा विद्यार्थी म्हैसूरच्या विद्यार्थ्यासोबत एकाच व्यवस्थेत स्पर्धा करतो. पुढे कर्नाटकात कंपनी नोंदवली, तर राज्य सरकारच्या ‘एलिव्हेट’ कार्यक्रमातून निवडक स्टार्टअपना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते.

बक्षिसातून किती मिळते?

हॅकेथॉनमध्ये २०२३ साली एका समस्येसाठी १ लाख रुपयांचे बक्षीस होते. सहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १६,६०० रुपये येतात. घरासाठी ही रक्कम लहान नाही. पण ती एकदाच मिळते. कल्पनेवरचा हक्क टिकवला, तर त्यातून पुढे वर्षानुवर्षे उत्पन्न मिळण्याची शक्यता राहते. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

म्हैसूरची शाई काय सांगते?

लोकसभा-विधानसभेच्या मतदानात आपल्या बोटाला लागणारी शाई म्हैसूरमध्ये बनते. तिचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी तयार केले. राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने उत्पादनाचा परवाना दिला आणि १९६२ पासून ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’ ही कर्नाटक सरकारची कंपनी ती पुरवत आहे. शोध एकाचा, परवाना दुसऱ्याचा, उत्पादन तिसऱ्याचे. आजही शाई सगळे पाहतात, पण तिचे सूत्र उघड केले जात नाही.

आपल्या मुलांनीही हेच लक्षात ठेवावे. मंचावर ‘या यंत्राने काय होते’ हे सांगावे. ‘ते नेमके कसे होते’ हे अर्ज दाखल होईपर्यंत राखून ठेवावे.

मांडणीआधी कोणता अर्ज करावा?

पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. पोस्टर सर्वांसमोर लागले, व्हिडिओ समाजमाध्यमांवर गेला किंवा बातमीत पूर्ण माहिती छापून आली, तर तो ‘नवा’ राहिला नाही असे ठरू शकते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन यांसारख्या ठरावीक बाबतींत कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे. पण महाविद्यालयाची स्पर्धा आपोआप तिच्यात बसत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रोव्हिजनल, अर्थात तात्पुरता अर्ज. वैयक्तिक अर्जदारासाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. या अर्जाने तारीख पक्की होते. त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशील दिला नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. पुढे तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते; तिचे शुल्क वैयक्तिक अर्जदारास ४,००० रुपये आहे. वकिलाची किंवा पेटंट एजंटची फी यात धरलेली नाही. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या आणि कर्नाटकातील अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

प्रत्येक कल्पनेला पेटंट मिळत नाही. केवळ संगणक प्रोग्राम, व्यवसायाची पद्धत किंवा पारंपरिक ज्ञान यांवर पेटंट देता येत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी सल्ला घ्या.

हक्क विद्यार्थ्याचा की महाविद्यालयाचा?

केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. संस्थेचा निधी किंवा सुविधा मोठ्या प्रमाणात वापरल्या असतील, अथवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर हक्क विद्यार्थी आणि संस्था यांचा संयुक्त राहतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प साधारणपणे यातच येतो. अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेच्या सुविधा न वापरता केलेल्या कामावर विद्यार्थ्याचा पूर्ण हक्क असतो.

संस्थेने स्टार्टअपला जागा, मार्गदर्शन व इतर सेवा दिल्यास ती कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते, असेही या धोरणात म्हटले आहे. प्रत्येक संस्था स्वतःचे नियम करते. म्हणून नियम लेखी मागा.

आपण काय करावे?

१. स्पर्धेच्या नियमांत ‘कल्पनेचा हक्क कोणाकडे’ हे कलम शोधा. समजले नाही तर प्राध्यापकांना विचारा. समजल्याशिवाय सही करू नका.
२. महाविद्यालयातील नवोपक्रम कक्षाकडे पेटंटसाठी मदत आहे का, शुल्क कोण भरणार, हे विचारा.
३. कोणी काय काम केले याची तारखेसह वही ठेवा. संघातील सर्वांनी त्यावर सही करावी.
४. अर्जावर ज्यांनी खरोखर शोध लावला त्या सर्वांची नावे शोधक म्हणून आहेत ना, हे पाहा. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांचे नाव राहून गेले, तर नंतर ते घालून घेणे कठीण जाते.
५. तात्पुरता अर्ज केला असेल, तर १२ महिन्यांची शेवटची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.