झडप बसली, पण काळजी सुटली नाही

जन्मजात हृदयविकारावरचा गेल्या अंकातला लेख वाचला. ‘छाती न उघडता झडप बदलली की प्रश्न कायमचा मिटतो’ हे त्यातले विधान मला मान्य नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या हृदयापासून फुप्फुसाकडे जाणारी नळी शस्त्रक्रियेने बसवली होती. तिच्या एकोणिसाव्या वर्षी ती नळी अरुंद झाली. दोन जिने चढले तरी मुलीला धाप लागायची. मांडीच्या शिरेतून नवी झडप बसवली. दुसऱ्या दिवशी ती उठून चालली, तिने पोहे मागितले. या उपचाराचे मोल मी जाणते. पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बॉनहोफर यांनी २००० साली बारा वर्षांच्या मुलाला अशी पहिली झडप बसवली. तीही बैलाच्या मानेच्या शिरेतली.

पण झडप बसवण्याआधी त्या जागी फुगा फुगवून हृदयाची रक्तवाहिनी दबते का, ते पाहतात. दबली तर झडप बसवता येत नाही आणि छाती उघडण्यावाचून गत्यंतर नसते. ती तपासणी आटोपेपर्यंत मी दाराबाहेर उभीच होते. शिवाय झडप पुढे झिजते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. साधी दाढ काढायची तरी आम्ही आधी हृदयतज्ज्ञांना विचारतो, प्रतिजैविकाचा डोस देतो. ताप आला तर रक्ततपासणीआधी मनाने गोळ्या देत नाही.

हे लेखात एका ओळीतही नव्हते. पुढच्या अंकात जरूर छापावे.

– एक आई, सातारा