हिला काय कमी होतं?

दिवाळीत बिलोलीला गेलं की माझं टाइमटेबल ठरलेलं असतं. पहिले दोन दिवस झोप, तिसऱ्या दिवशी आईशी भांडण, चौथ्या दिवशी समेट आणि पाचव्या दिवशी पुण्याची ट्रॅव्हल्स. या वेळी समेटाच्या संध्याकाळी आम्ही मायलेकींनी सिनेमा बघितला. तोही फ्रेंच!

बिलोली कुठे, असं विचारणाऱ्या तमाम बाणेर-बालेवाडीकरांसाठी: नांदेडहून नायगाव, नरसी करत जायचं, तेलंगणाची हद्द यायच्या आधी लागतं ते. तालुक्याचं गाव, जुनी दगडी मशीद, बाजारात मराठीइतक्याच सहज कानावर पडणारी तेलुगू. इथल्या आमच्या घरात माझी आई राहते. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. तिचा सिनेमाबद्दलचा फण्डा एकदम क्लिअर आहे. माणसं काय करायलीत ते कळलं पाहिजे आणि कामून करायलीत तेही कळलं पाहिजे.

सिनेमा होता क्लोद शाब्रोलचा ‘ला फाम अँफिदेल’, 1969 चा. म्हणजे सरळ मराठीत ‘बेइमान बायको’. मास कॉमच्या दिवसांपासून माझ्या हार्ड डिस्कमध्ये पडून होता. पडद्यावर इंग्रजी सबटायटल्स आणि बाजूला मी, लाइव्ह मराठी अनुवाद करणारी. अनुवाद सोपा नव्हता, बरं का! ‘लव्हर’ला काय म्हणायचं, इथेच गाडी अडली. मी म्हटलं, ‘तिचा मित्र.’ आई म्हणाली, ‘मित्र म्हणजे?’ मग तिनंच शब्द दिला, ‘भानगड म्हण की सरळ.’ यावरून एक सुचलं. आपल्याकडे ‘बाहेरख्याली नवरा’ असतो. ‘बाहेरख्याली बायको’ असं कुणी म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? त्यासाठीचे आपले शब्द या पानावर छापता येणार नाहीत.

तर गोष्ट अशी. व्हर्सायजवळ मोठ्ठं घर, बाग, शहाणं पोरगं. नवरा शार्ल इन्शुरन्सवाला. तो रोज पॅरिसला ऑफिसला जातो, संध्याकाळी वेळेवर घरी येतो, बायकोशी गोड बोलतो. बायको एलेन देखणी, शांत. तीही मधूनमधून पॅरिसला जाते, केस करायला, खरेदीला. नवऱ्याला शंका येते आणि तो एक खासगी डिटेक्टिव्ह लावतो. पत्ता मिळतो.

विसाव्या मिनिटाच्या आसपास आईनं प्रश्न टाकलाच. ‘पण हिला काय कमी होतं गं?’

मी म्हटलं, ‘थांब, पुढे सांगतील.’ पण मला माहीत होतं, सांगत नाहीत. पूर्ण सिनेमाभर नाही. थोडा कंटाळा दिसतो त्या घरात, पण तो कुणी बोलून दाखवत नाही. नवरा दारुडा नाही, मारकुटा नाही, सासू छळत नाही. एलेन एकदाही कुठल्या मैत्रिणीपाशी बसून रडत सांगत नाही की, ‘तो मला समजूनच घेत नाही.’ ती जाते आणि परत येते, बस्स.

त्यानंतरचा सीन मी अनेकदा बघितलाय. शार्ल त्या माणसाच्या फ्लॅटवर जातो आणि चक्क गप्पा मारतो! ड्रिंक घेतो, आम्ही नवरा-बायको एकमेकांना मोकळीक देतो असं भासवतो, घर दाखवा म्हणतो. सगळं कसं सभ्य. मग बेडरूममध्ये त्याला एक मोठा लायटर दिसतो. तो त्यानंच बायकोला दिलेला असतो. शरीरापर्यंतचं त्यानं गिळलेलं असतं, पण भेटवस्तू इथे? जवळचा दगडी पुतळा उचलतो आणि संपवतो त्याला. मग ऑफिसातली फाइल लावावी तितक्या निगुतीनं रक्त पुसतो. आई म्हणाली, ‘लादी बायकोपेक्षा चांगली पुसायलाय.’

त्याच वेळी लाइट गेली. इंटर्व्हलच समजा. लॅपटॉपची बॅटरी वाचवायची म्हणून तो बंद केला. आता लाइट येईपर्यंत तुम्हाला या सिनेमाचं पुढचं खानदान सांगते.

2002 मध्ये हॉलिवूडनं यावरून ‘अनफेथफुल’ केला. एड्रियन लाइन दिग्दर्शक, रिचर्ड गिअर नवरा, डायन लेन बायको. तिला ऑस्करचं नॉमिनेशनही मिळालं. तिथेही संसार छान चाललेला आणि तरीही ती जाते. आणि 2004 मध्ये आपल्या भट कॅम्पनं केला ‘मर्डर’. आठवतोय ना? अनुराग बसू, मल्लिका शेरावत, इम्रान हाश्मी, बँकॉक. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. सिनेमा बघायला अर्थातच बंदी, पण गाणी गावातल्या प्रत्येक जीपमध्ये! पुढे कितीतरी वर्षं ती लोकांच्या मेमरी कार्डात मुक्कामाला होती.

‘मर्डर’ मी कॉलेजात आल्यावर बघितला आणि त्यातली कारणांची रांग बघून हसू आलं. नायिकेची बहीण वारलेली. बहिणीच्या मुलासाठी ही मेव्हण्याशी लग्न करते. नवऱ्याला कामापुढे वेळ नाही, मनात अजून पहिली बायको. प्रियकरही परका नाही, कॉलेजातलाच जुना! म्हणजे तीन-तीन कारणं, वर सही-शिक्का. शेवटी तर प्रियकर मेलेलाच नसतो, उलट तोच नालायक निघतो. नवऱ्याचे हात स्वच्छ, बायकोला पश्चात्ताप, कुटुंब सुरक्षित. फ्रेंच बाईला कारणाशिवाय जाऊ दिलं. आपल्या बाईला जायचं तर आधी अर्ज करावा लागतो, सोबत कागदपत्रं जोडून.

पुरुषांचं काय? त्यासाठी 1982 कडे जाऊ. त्या एका वर्षात स्मिता पाटील या त्रिकोणाच्या दोन टोकांवर उभी होती. महेश भटच्या ‘अर्थ’मध्ये ती ‘दुसरी’. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये ती बायको. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘उंबरठा’ आजही बघा, अंगावर येतो. सुलभा महिलाश्रमाची नोकरी करायला घर सोडून जाते. परत येते तेव्हा वकील नवरा, म्हणजे गिरीश कर्नाड, अगदी शांतपणे सांगतो की आता दुसरी एक बाई आहे. आणि गंमत अशी की त्याला कारण शोधावं लागत नाही, ते सिनेमात आधीपासून तयार बसलेलं असतं. तू घरी नव्हतीस! पुरुष घसरला तरी कारण बाई, बाई घसरली तरी कारण तिच्यातच काहीतरी कमी. ‘अर्थ’मध्ये परत आलेल्या नवऱ्याला शबाना विचारते की तू केलंस ते मी केलं असतं, तर मला परत घेतलं असतंस का? तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. तेवढा एक मार्क त्याला द्यायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, सिनेमे सोडा. बरं, कायदा घ्या. 1860 च्या भारतीय दंड विधानातलं कलम 497. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद, पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. आणि ती बाई? तिला शिक्षा नाही. वरवर किती उदार, नाही? पण अर्थ असा की तिला काही इच्छा असू शकते, हे कायद्याच्या गावीच नव्हतं. ती कुणाच्या तरी मालकीची, कुणीतरी नेलेली. लायटरसारखी. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी 27 सप्टेंबर 2018 रोजी हे कलम रद्द केलं. घटस्फोटासाठी ते कारण आजही आहे, पण तो गुन्हा राहिला नाही.

‘फ्रान्सचं काय, ते मोकळेच!’ असं वाटत असेल तर थांबा. शाब्रोलनं हा सिनेमा केला तेव्हा तिथेही व्यभिचार हा गुन्हा होता. नेपोलियनच्या काळापासून, 1810 च्या संहितेनुसार, बायकोला तीन महिने ते दोन वर्षं तुरुंग आणि नवऱ्याला नुसता दंड. तोही कधी, तर दुसरीला राहत्या घरातच आणून ठेवलं तर. आणि नवऱ्यानं बायकोला घरात रंगे हाथ पकडून ठार मारलं, तर कायदा त्याला माफीच्या नजरेनं बघायचा. हे सगळं गेलं ते 1975 मध्ये. म्हणजे शार्लचा राग वेडा नव्हता, त्या रागाला कायद्यात जागा होती. आणि एलेनची भूमिका करणारी स्तेफान ओद्राँ ही त्या वेळी शाब्रोलची खऱ्या आयुष्यातली बायको. बोला आता!

हे सगळं मी आईला अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात सांगत होते. खरं म्हणजे मी वेळ काढत होते.

कारण गेल्या जूनमध्ये माझं चार वर्षांचं नातं मोडलं. तो चांगला मुलगा. डेडलाइनच्या रात्री माझ्यासाठी पोहे करून ठेवणारा, माझे अर्धवट लेख वाचणारा, आईला दर रविवारी फोन करणारा. दोन्ही घरांत लग्नाचं जवळपास ठरल्यात जमा होतं. आणि मी एका असाइनमेंटवर भेटलेल्या माणसात तीन महिने गुंतले. का? तर माहीत नाही. म्हणजे मैत्रिणींना मी कारणं सांगितली की! ‘त्याला वेळच नव्हता गं’, ‘आमचं कम्युनिकेशन संपलं होतं’, ‘मला गुदमरल्यासारखं व्हायचं’. सगळ्यांनी कॉफीचे मग हातात धरून माना डोलावल्या. एकीनं तर माझं कौतुकही केलं की तू स्वतःला निवडलंस. यातलं एकही कारण खरं नव्हतं. त्याला वेळ होता. मीच तो वेळ दुसरीकडे खर्च करत होते. आणि ती कारणं सांगता सांगता तो मुलगा मैत्रिणींच्या नजरेत हळूहळू वाईट होत गेला, हे मला दिसत होतं. मी थांबवलं नाही.

आईला सांगितलं होतं, ‘आमचं जमलं नाही.’

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आपल्या गल्लीत मागं एक बाई होती. तुला आठवायची नाही, तू पाळण्यात असशील.’ आणि सांगू लागली. नवरा सरळमार्गी, नोकरीवाला. पदरी दोन लेकरं. आणि हिचं एकाशी होतं. वर्षभर चाललं, मग संपलं. ती कुठे पळून गेली नाही, विहीर जवळ केली नाही. नवऱ्याला कळलं होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि तो एक अक्षर बोलला नाही, हेही. पण गल्लीला ते पचेना. मग लोकांनी कारणं काढली. नवरा पितो म्हणे. (थेंब शिवत नव्हता.) नवऱ्यातच काही खोट आहे म्हणे. सासरच्यांनी फसवून लग्न लावलं म्हणे.

‘त्या माणसाची बाजारात मान वर करायची सोय ठेवली नाही लोकांनी,’ आई म्हणाली. ‘आणि लोकांना वाटायचं, आपण तिची बाजू घ्यायलोत.’

‘तू काय म्हणायचीस?’

‘मी बी तेच. मी तर एकदा पाणी भरताना सरळ विचारलंच तिला, बाई, तुला काय कमी होतं?’

‘मग?’

‘म्हणाली, बाई, ही काय वाण्याची यादी हाय का, काय कमी पडलं ते लिहायला?’

आई हसली. मीही हसले. मग दोघी गप्प. बाहेर कुणाचा तरी उरलासुरला लवंगी वाजत होता.

लाइट आली आणि आम्ही उरलेला सिनेमा लावला. हा भाग मला सगळ्यात आवडतो. मृतदेह तळ्यात जातो, पोलिस घरी येऊन प्रश्न विचारून जातात. मग एलेनला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात त्या माणसाचा फोटो सापडतो. मागे नाव-पत्ता. तिला सगळं कळतं, काय झालं आणि कुणी केलं. ती फोटो जाळून टाकते आणि बागेत येऊन नवऱ्याकडे बघते. तोही बघतो. एक शब्द नाही. त्या दोघांत पूर्ण सिनेमाभर नव्हतं ते काहीतरी त्या क्षणी दिसतं. प्रेम म्हणावं तर मधे एक मेलेला माणूस आहे. या जागी अनुवाद करायला काही नव्हतंच. आई पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

पोलिस पुन्हा येतात. शार्ल त्यांच्याकडे चालत जातो. कॅमेरा एलेन आणि मुलापासून मागे मागे जातो आणि त्याच वेळी झूम त्यांना जवळ ओढतो. आणि संपलं.

‘पुढं?’

‘संपला, आई.’

‘असा कसा संपला? धरून नेलं का त्याला?’

‘दाखवलं नाही.’

‘हं.’ तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तो पोरगा अजून फोन करतो मला. दिवाळीलाबी केला. तुझ्याबद्दल वाकडं एक अक्षर बोलला नाही. मी आपली त्यालाच धरून बसले होते, म्हटलं यानंच काहीतरी केलं असणार.’

मी म्हटलं, ‘त्यानं काही केलं नाही.’

‘मग?’

मी सांगितलं. असाइनमेंट, तीन महिने, सगळं. कारण न जोडता. सांगून होईपर्यंत मेणबत्ती तशीच जळत होती, लाइट आली तरी दोघींपैकी कुणी विझवली नव्हती. आई उठली, तिनं फुंकर मारली आणि फराळाचे डबे काढून ओट्यावर मांडले. माझ्यासाठी चकल्यांची पिशवी भरली. मग तेवढ्याच मापाची आणखी एक भरली, तोंड घट्ट बांधलं आणि माझ्या बॅगेशेजारी ठेवली.

‘ही त्याची,’ ती म्हणाली. ‘तूच नेऊन दे.’