झाकण मिटलं की झोपणारं घड्याळ

रोह्याच्या भाच्यासाठी मागे एक छोटंसं पान बनवून दिलं होतं. परीक्षेच्या सरावाचं. कोपऱ्यात ६० मिनिटांचं घड्याळ, वेळ संपली की पेपर बंद. पठ्ठ्या पेणचा क्लास आटपून दिवा-रोहा गाडीत बसला की लॅपटॉप उघडायचा. कासू, नागोठणे, रोहा. स्टेशन आलं की झाकण खाली. घरी पोचेपर्यंत अडलेली गणितं डोक्यात चालूच, मग झाकण वर आणि पेपर पुढे सुरू.

"मामा, आता ५० मिनिटांतच होतो पेपर!" मीही खूश. खऱ्या परीक्षेत शेवटचे १२ प्रश्न राहिले.

चूक माझीच. मी जावास्क्रिप्टचं 'परफॉर्मन्स डॉट नाऊ' वापरलं होतं. ते मिलिसेकंदाहूनही बारीक मोजतं आणि यंत्राची वेळ कुणी बदलली तरी उलटं जात नाही. पण लिनक्स आणि मॅकवर यंत्र झोपलं की तेही झोपतं. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मात्र चालू राहतं. मी तपासलं विंडोजवर, आणि त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स (हौसेने मीच घालून दिलेलं!).

२०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली खोट उघड झाली, तेव्हा ब्राउझरवाल्यांनी हे घड्याळ मुद्दाम भरड केलं. फार बारीक वेळ मोजता आली की दुसऱ्याची माहिती चोरता येते म्हणून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शंभर मायक्रोसेकंदांनी कुणाचा पेपर बुडत नाही, वीस मिनिटांनी बुडतो.

झोपेतली वेळही धरावी असं मानकातच लिहिलंय. लिनक्समध्ये तसं मोजणारं 'बूटटाइम' घड्याळ २०११ पासून आहे. मग ते का जोडू नये? काहींचं म्हणणं, पान उघडायला लागलेला वेळ मोजताना मध्येच लॅपटॉप झोपला तर आकडा तासांत जाईल. खरंय, पण मला हे अर्धंच पटतं. जागेपणीची वेळ हवी त्यांना वेगळं घड्याळ द्या ना. "किती वेळ गेला" असं विचारणाऱ्याला गेलेलाच वेळ सांगायला हवा.

तूर्त मी साधं 'डेट डॉट नाऊ' लावलंय. लॅपटॉपची वेळ बदलली तर ते फसेल, पण निदान झोपेत वेळ विसरणार नाही.

भाचा मात्र आता भिंतीवरच्या घड्याळावर पेपर सोडवतो. आजीने ते पाच मिनिटं पुढे ठेवलंय. त्याने काही बिघडत नाही म्हणतो.